आईसाठी १५ दिवसांचा ट्रायल स्टे घेतला, त्या वृद्ध सेवा केंद्राचा अनुभव

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. काही गोष्टी फार आवडल्या, काही खटकल्या, आणि एका घरच्या १५ दिवसांवरून कुणाच्या पोटावर पाय यायला नको. पुण्यापासून गाडीने तासाभरावर, २२ बेडचं, एवढं पुरे.

आई ७८ ची, पार्किन्सन आहे (हातपाय थरथरतात, अंग कडक होतं), पण वॉकर घेऊन चालते, स्वतःच्या हाताने जेवते, पेपर वाचते. मग आत्ताच कशाला, असं नातेवाईकांनी भरपूर ऐकवलं. त्याचं उत्तर म्हणजे बाबांचं आजारपण. २०२१ ला त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, अकराव्या दिवशी हॉस्पिटलने उद्या डिस्चार्ज म्हणून सांगितलं, नाकात राईल्स ट्यूब (पातळ जेवण द्यायची नळी), लघवीसाठी कॅथेटर लावलेलं, उजवी बाजू पूर्ण गेलेली, आणि आमच्याकडे पलंग कुठे लावायचा इथपासून सगळं ठरवायला एक रात्र. घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला, २४ तासांचे मामा (पुरुष अटेंडंट), रोजचे ९०० रुपये, १५ दिवसांचा ऍडव्हान्स. सात महिन्यांत नऊ माणसं बदलली. एकजण गावच्या जत्रेला म्हणून गेले ते आलेच नाहीत, बदली माणूस मिळाला तिसऱ्या दिवशी. ते तीन दिवस आई आणि मी दोघीच बाबांची कूस बदलत होतो, दर दोन तासांनी बदलायची हे माहीत होतं हो, पण दुसऱ्या रात्री दोघींनाही झोप लागली ती थेट पाचला जाग आली, आणि कमरेखाली लाल चट्टा दिसला. त्याचाच पुढे बेडसोअर झाला, म्हणजे पडून पडून होणारी जखम. बाबा गेल्यानंतर आईच म्हणाली, माझं असं घाईत नको करू, मला आधी बघू दे.

म्हणून हा ट्रायल स्टे. आम्ही एकूण पाच ठिकाणं बघितली, त्यातल्या दोनच ठिकाणी थोडे दिवस राहून बघायला हो म्हणाले. बाकीच्यांना थेट डिपॉझिट हवं होतं.

आवडलेलं आधी सांगते. बाथरूम. कुणी सेंटर बघायला गेलात तर गार्डन आणि देवघर नंतर बघा, आधी बाथरूम बघा. इथे कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायचे दांडे आहेत, दाराला उंबरा नाही, व्हीलचेअर सरळ आत जाते आणि दार बाहेरच्या बाजूला उघडतं. आत माणूस पडलं आणि दाराला टेकून पडलं तर आतल्या बाजूला उघडणारं दार ढकलता येत नाही, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या घरचं दार आता बदलून घेतलंय. जेवण साधं आणि गरम, भाकरी मागितली तर मऊ करून देतात. सकाळच्या ड्युटीला साताऱ्याकडच्या एक मावशी होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी आईला विचारलं, आजी तुम्ही अंबाडा वर घालता का खाली? आईने हाताने मानेपाशी दाखवलं. पंधराही दिवस अंबाडा तिथेच होता. मी भेटायला गेले की आधी तेच बघायचे.

आता खटकलेलं. पार्किन्सनची गोळी घड्याळ लावून द्यावी लागते, आईची सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६, आणि शक्यतो जेवणाबरोबर नाही, कारण डाळ, दूध, अंडी अशा प्रोटीनच्या जेवणाने तिचा असर कमी होतो असं आमच्या डॉक्टरांनी बजावलंय. इथे सगळ्यांच्या गोळ्यांची ट्रे जेवणाच्या राउंडलाच फिरते. आईची दोनची गोळी चार दिवस एक वाजता वरण-भाताबरोबर दिली गेली. चौथ्या दिवशी दुपारी ती कमोडवरून उठू शकली नाही, अंग लाकडासारखं कडक झालेलं, दोन मावशींनी मिळून उठवलं. मी फोनवर चिडले, खरं सांगते. पण इन्चार्ज सिस्टरनी वाद घातला नाही, डॉक्टरांची चिठ्ठी मागवून घेतली, आईचा चार्ट वेगळा केला, मोबाईलवर चार अलार्म लावले आणि पुढचे अकरा दिवस एकदाही वेळ चुकली नाही. ऐकून घेणारं माणूस आहे हे कळलं, पण हेही कळलं की लिहून दिलं म्हणजे वाचलं असं नाही, समोर बसून सांगावं लागतं. आई बोलू शकते म्हणून चार दिवसांत कळलं. तिला बोलता येत नसतं तर?

दुसरं, रात्र. दिवसा सहा माणसं स्टाफला, रात्री २२ जणांना दोनच मावशी. आईने बेल वाजवली की कधी पाच मिनिटात यायच्या, एकदा तर वीस मिनिटं लागली, ती घड्याळ बघून सांगते. तुम्ही चौकशी करताना रात्री किती जण असतात हे नक्की विचारा, आणि जमलं तर रात्री आठनंतर एक चक्कर मारा. तिसरं, डायपर, अंडरपॅड, फिजिओ हे सगळं वेगळं लागतं, ते पहिल्या फोनवर कुणी सांगितलं नाही.

पैशांचं. दोघींच्या शेअरिंग खोलीचे महिन्याला ३६,०००, कायमचं राहायला गेलं तर १ लाख डिपॉझिट. आईची फॅमिली पेन्शन २२,००० आहे, २० लाख पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्क्यांनी ठेवलेत, त्याचे तीन महिन्याला ४१,००० येतात, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजाराच्या वर. वरचा खर्च दादा आणि मी निम्मा निम्मा. मेडिक्लेमवर विसंबू नका, आमच्या पॉलिसीत आया, अटेंडंट, असं केंद्र, काहीच बसत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळतं, ते जरूर काढा, पण ते हॉस्पिटलमध्ये ऍडमिट झाल्यावरचं आहे, रोजच्या सेवेसाठी नाही.

अजून एक. ऍडमिशन फॉर्मवर प्रश्न होता, अचानक तब्येत बिघडली तर कुठलं हॉस्पिटल आणि व्हेंटिलेटर लावायचा का. मी पेन धरून बसून राहिले. आई शेजारीच होती, म्हणाली, नको म्हणून लिही, तुझ्या बाबांचं बघितलंय मी. नंतर वकिलांकडे गेलो तेव्हा कळलं की नुसतं फॉर्मवर लिहून भागत नाही, लिव्हिंग विल करावं लागतं, म्हणजे शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते आधीच रीतसर लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला त्याला मान्यता दिली, तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो. आम्ही केलं, एक कॉपी फॅमिली डॉक्टरांकडे, एक केंद्राच्या फाईलला, एक दादाकडे. दादाला वाटत होतं की आईकडून कुलमुखत्यारपत्र (तिच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) करून घेतलं की झालं, पण माणसाची समज गेली की ते मुखत्यारपत्रच कायद्याने संपतं, म्हणजे ऐन गरजेला उपयोग शून्य. म्हणून बँकेची खाती आत्ताच जॉइंट करून घेतली, आई स्वतः सही करू शकते तोवर. बाबांची एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर होती, त्यांचा अंगठा घ्यायला बँकेतून माणूस घरी येईपर्यंत महिना गेला होता.

पाचपैकी साडेतीन देईन. रात्री अजून एक माणूस वाढवलं तर साडेचार.

आई सध्या घरीच आहे. दिवाळीनंतर परत १५ दिवस जाणारे, ह्यावेळी तिनेच सांगितलंय की कोपऱ्यातल्या खोलीत नगरच्या आजी आहेत त्यांच्या शेजारचा बेड मिळतो का विचार, त्या पहाटे रेडिओ लावतात.