खऱ्या व्हिसावर झालेली फसवणूक

भाच्याला मिळालेला व्हिसा बनावट नव्हता, हे आधीच सांगतो. दुबईच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर नंबर टाकला की तो चालू दिसायचा. एजंटाने आमच्या अक्काच्या घरी चहा पिता पिता ते स्वतःच्या मोबाइलवर दाखवलं, मग दाजींच्या मोबाइलवरही नंबर टाकून बघायला लावलं. नाव बरोबर, पासपोर्ट नंबर बरोबर, जन्मतारीख बरोबर. "बघा ओ काका, मी काय लबाडी करूलोय काय?" यावर कोण काय बोलणार? परदेशी पाठवतो म्हणून गंडवलेल्यांचे जे किस्से बेळगाव-खानापुरात ऐकायला मिळतात, ते बहुतेक खोट्या कागदांचे असतात. त्यामुळे कागद खरा निघाला की घरचे निर्धास्त होतात. या माणसाचा सगळा धंदा त्या निर्धास्तपणावर चालतो.

व्हिसा खरा होता, पण फिरायला जाणाऱ्याचा. 60 दिवसांचा टुरिस्ट व्हिसा. त्यावर दुबईत उतरता येतं, राहता येतं, बुर्ज खलिफा बघता येतो. मशीनवर उभं राहून पगार घेता येत नाही. कोणत्याही ट्रॅव्हल एजन्सीकडे काही हजारांत मिळणाऱ्या या कागदाचे आमच्या घरून 1 लाख 40 हजार गेले.

पोरगा आयटीआय झालेला. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवायचा. कामाला वाईट नाही, पण पगार वाढायचं नाव नाही, आणि खानापूर तालुक्यातून रोज येणं-जाणं. गावातल्याच एकाने या एजंटाचं नाव सुचवलं. शहरात गाळा, काचेचं दार, आत विमानाचं मॉडेल, भिंतीवर दुबईचे फोटो आणि फ्रेम केलेली सर्टिफिकिटं. ती सर्टिफिकिटं मी नंतर नीट वाचली. एक जीएसटी नोंदणीचं, एक महापालिकेचा ट्रेड लायसन्स, एक उद्यम नोंदणीचं. तिन्ही अस्सल. असली सर्टिफिकिटं बेकरीवाल्याकडेही असतात. परदेशी नोकरीला माणसं पाठवायला जो परवाना लागतो तो मात्र भिंतीवर कुठेच नव्हता.

तो परवाना केंद्र सरकारचं परराष्ट्र मंत्रालय देतं. 1983 च्या एमिग्रेशन कायद्याच्या (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचा कायदा) कलम 10 नुसार नोंदणी नसलेल्या कुणालाही हे काम करता येत नाही. नोंदणी असलेल्या एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर राज्यवार दिलेली असते आणि ती कुणालाही बघता येते. नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी घ्यावा, अशी मर्यादा आहे. आमच्या एजंटाला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच त्याने पावतीवर "नोकरी" असा शब्द कुठेही येऊ दिला नाही. पावती होती "टूर पॅकेज"ची. दाजींनी विचारलं तर म्हणाला, "टॅक्सचा भाग आहे ओ, तुम्हाला कशाला त्रास." उद्या कुणी जाब विचारलाच, तर मी यांना फिरायला पाठवलं, असं सांगायला तो मोकळा.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी फाइल उघडायला पाच हजार. मग व्हिसा "लागला" की पन्नास. मग तिकीट. मग शेवटचा हप्ता. मधल्या काळात पासपोर्ट त्याच्याकडेच. अक्काने शेवटच्या हप्त्यासाठी थोडा वेळ मागितला, तेव्हा त्याचा सूर बदलला: व्हिसाची मुदत संपत आलीय, पासपोर्ट अडकून पडेल, मग मला बोलू नका. अक्काने पाटल्या सोसायटीत तारण ठेवल्या. भारताचा पासपोर्ट 1967 च्या पासपोर्ट कायद्याने केंद्र सरकारच्या मालकीचा असतो. पैशासाठी तो अडवून ठेवायचा अधिकार एजंटाला नाही आणि दुबईतल्या मालकालाही नाही.

त्याची खरी हुशारी दिसली ती निघायच्या आदल्या दिवशी. पोराला बोलावून घेतलं आणि चक्क तालीम घेतली. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं तर काय सांगायचं? फिरायला चाललोय. किती दिवस? दहा. कुठे राहणार? हे घे हॉटेलचं बुकिंग. परत कधी? हे घे रिटर्न तिकीट. मोबाइलमधले ऑफर लेटर, बायोडाटा, आयटीआयचं सर्टिफिकेट सगळं डिलीट कर. "एअरपोर्टवर सेटिंग आहे, पण आपल्या बाजूने चूक नको."

हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाने इथे क्षणभर थांबावं. ज्याच्याकडे कामाचा व्हिसा असतो त्याला कामाला चाललोय असं सांगायला कसली भीती? एजंट जर काउंटरवर खोटं बोलायला शिकवत असेल, तर पुढे काय आहे ते त्याने तोंडाने सांगायची गरज उरत नाही. शिवाय ते खोटं आपल्या पोराच्या तोंडून वदवलेलं असतं, त्यामुळे नंतर तक्रार करतानाही पोरगं बिचकतं.

याच खेपेला हुक्केरी तालुक्यातला आणखी एक मुलगा होता. दहावी नापास, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'चा शिक्का. असा पासपोर्ट असलेला माणूस संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, ओमान, कुवेत, बहरीन, मलेशिया अशा 18 देशांत नोकरीला जाणार असेल, तर त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. त्या मंजुरीच्या निमित्ताने नोकरीचा करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेत 10 लाखांचा अपघात विमा निघतो. दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये. पण तोच माणूस फिरायला चालला असेल, तर मंजुरी लागत नाही. व्हिसा आणि परतीचं तिकीट दाखवलं की पुरे. ही सवलत बहिणीकडे किंवा मुलाकडे चाललेल्या साध्या माणसासाठी ठेवलेली आहे. एजंटाने नेमकी तीच वापरली. शिक्का असलेल्या पोराला "माझ्याकडे ईसीआरची भानगडच नाही" असं सांगून त्याने वर जादा पैसेही घेतले. भानगड नाही म्हणजे तपासलेला करार नाही आणि विमाही नाही, हे त्याला कोण सांगणार?

दुबईत उतरल्यावर एका माणसाने दोघांना शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या खोलीवर नेलं. एकावर एक बंक, एकाच खोलीत दाटीवाटीने माणसं, त्यातली निम्मी अशीच आलेली. सीएनसीची कंपनी? तिचा "कोटा" अजून आला नाही. तोवर गोदामात माल उतरवा. पगार? परमिट झाल्यावर एकदम. हॉटेलचं बुकिंग आणि रिटर्न तिकीट दोन्ही पोरगा विमानात बसल्यावर रद्द झालेली. त्याचे पैसे एजंटाच्या खात्यात परत आले असणार, हा आमचा अंदाज.

तिकडे व्हिजिटवर येऊन नंतर कामाचं परमिट होऊच शकत नाही, असं नाही. तिथल्या मालकाने रीतसर अर्ज केला तर देशात राहूनच व्हिसाचा प्रकार बदलून मिळतो. एजंट हेच अर्धं सत्य रंगवून सांगतो. पण त्यासाठी अर्ज करणारा मालक असावा लागतो, आणि इथे मालकच नव्हता. परमिट नसताना काम करून घेणाऱ्या कंपनीला तिथे एक लाखापासून दहा लाख दिऱ्हॅमपर्यंत दंड आहे. त्यामुळे तपासणी येणार अशी कुणकुण लागली की या पोरांनाच मागच्या दाराने बाहेर काढत. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलं, तर दर दिवसाला 50 दिऱ्हॅम दंड चढतो, आणि तो पोराच्या नावावर चढतो, एजंटाच्या नव्हे.

मुदत संपायच्या आत भाचा परत आला, कारण दाजींनी इथून तिकिटाचे पैसे पाठवले. हुक्केरीचा पोरगा मागे राहिला. त्याच्या घरच्यांकडे तिकिटाचे पैसे नव्हते, आणि त्याला अजून परमिटची आशा होती. पुढे दंड चढला, मग भारतीय वकिलातीच्या मदत केंद्राने मध्ये पडून त्याची सुटका केली.

इथे परतल्यावर एजंट काही पळून गेलेला नव्हता. गाळा तिथेच, विमानाचं मॉडेल तिथेच. म्हणाला, "मी व्हिसा दिला, तिकीट दिलं. काम टिकवणं तुमच्या पोराच्या हातात होतं नव्ह?" बरीच रेटारेटी झाल्यावर चाळीस हजार दिले. बाकीच्याचं नाव काढलं की पावतीवर बोट: टूर पॅकेज.

मग तक्रार. आपल्या सीमाभागात फसवणाऱ्याची जी सोय होते ती इथे उघडी पडली. गाळा बेळगावात, पैसे गेले ते खातं गडहिंग्लज बाजूच्या कुणा नातेवाइकाचं, तिकीट काढलं मुंबईतून. एका ठाण्यात सांगितलं, खातं महाराष्ट्रातलं आहे, तिकडे जा. तिकडे म्हणाले, व्यवहार कर्नाटकात झाला, इकडे कशाला आलात. ओळखीच्या वकिलांनी अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम 173 दाखवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. ठाणं नंतर ती योग्य जागी पाठवतं. कलमाचा आकडा लिहिलेला अर्ज हातात पडला तशी खुर्ची मिळाली. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बिगर परवान्याची भरती केल्याबद्दल एमिग्रेशन कायद्यात कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड दोन हजारांपर्यंत. दोन हजार! एवढे तर त्याने फोटोकॉपी आणि फाइलचे म्हणून घेतले होते.

प्रकरण अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरी आत्ता कुणाची तरी फाइल चालू आहे, त्यांच्यासाठी लिहितो. व्हिसा हातात आल्यावर तो खरा की खोटा हे बघाच, पण त्याआधी तो कशाचा आहे ते वाचा. अमिरातीत नोकरीला जाणाऱ्याला आधी तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर येतं. कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेला कागद म्हणजे ते नव्हे. त्याला नंबर असतो, तो मंत्रालयाकडे तपासता येतो, आणि अरबी-इंग्रजीसोबत ते हिंदीतही मिळू शकतं. पोराने त्यावर सही केल्यावर नोकरीचा एंट्री परमिट निघतो, आणि तिथे उतरल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडी आणि रेसिडेन्सी होते. या भरतीचा आणि परमिटचा खर्च 2021 च्या तिथल्या कामगार कायद्याने मालकाने करायचा असतो, कामगाराकडून वसूल करायचा नसतो. त्यामुळे "कंपनी व्हिसाचा चार्ज" म्हणून कुणी लाखात पैसे मागत असेल, तर तो चार्ज नेमका कशाचा ते लिहून मागा. "फ्री व्हिसा", "आझाद व्हिसा" (म्हणे कुणाकडेही काम करता येणारा) हे शब्द फक्त एजंटांच्या तोंडी असतात, सरकारी कागदावर कुठेच नाहीत.

मलेशिया, थायलंडसारख्या देशांनी भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिल्यापासून या लोकांचं आणखी फावलंय. "आता व्हिसाच लागत नाही, जाऊन कामाला लागायचं" असं ते सांगतात. तो प्रवेश पर्यटकाला दिलेला आहे, मोजक्या दिवसांसाठी. परतीचं तिकीट, राहायची सोय, खर्चाला पैसे हे दारात विचारलं जाऊ शकतं, आणि उत्तर पटलं नाही तर आल्या विमानाने परत पाठवतात. थायलंडमधल्या ऑफिसच्या नोकरीला म्हणून निघालेली आपली कितीतरी पोरं म्यानमारमधल्या मियावाडीच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर पोचली. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी त्यातल्या शेकडो जणांना परत आणावं लागलं.

तुमचं कुणी आत्ता दुबईत किंवा शारजात असं अडकलं असेल, तर व्हिसाची मुदत संपायची वाट बघू नका. भारतीय वकिलातीच्या मदत केंद्राचा 800 46342 हा नंबर अमिरातीतून फुकट लागतो आणि रात्रीही चालू असतो. इथून घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार घालता येते. त्यात पासपोर्टची प्रत, व्हिसाची प्रत आणि एजंटाला पाठवलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट जोडा. त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज असतील तर तेही आधी दुसऱ्या मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. आमच्या पोराचे बरेचसे त्या तालमीच्या दिवशीच पुसले गेले होते. चाळीस हजार परत आले ते दाजींच्या मोबाइलमध्ये राहिलेल्या दोन मेसेजच्या जोरावर.