सापांचा रॅक बनवताना: झाकणाचे टब की बिनझाकणाचे?

साप ठेवायच्या प्लास्टिकच्या टबांच्या रॅककडे वळणारा माणूस एकदोन सापांच्या पुढे गेलेला असतो, असं मी धरून चालतो. हीट टेप (टबखालची विजेवर तापणारी पट्टी) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावायची नाही, टबला एक उबदार आणि एक गार बाजू हवी, दडायला आडोसा हवा, हे तुम्हाला ठाऊक असणारच. गाडी अडते ती फळ्या कापायच्या जरा आधी. टब झाकणाचे घ्यायचे की बिनझाकणाचे? रॅकचं माप, फळीची जाडी, टेपची जागा, सगळं या एका उत्तरावर ठरतं, आणि एकदा फळ्या कापल्या की मागे फिरता येत नाही.

बिनझाकणाचा रॅक कपाटाच्या खणांसारखा असतो. टब आत सरकवला की वरची फळीच त्याचं झाकण होते. झाकणाचा रॅक म्हणजे साधी उघडी मांडणी आणि तिच्यावर खटक्यांनी बंद होणारे टब. मी आधी पहिला प्रकार केला, 12 टबांचा, आणि 2 वर्षं तो नेटानं वापरला. आता माझे बहुतेक साप दुसऱ्या प्रकारात आहेत.

पण खणांना 2 वर्षं दिली ती उगाच नाही. चार बोटं लावली की टब पुढे येतो, पाणी बदललं, विष्ठा उचलली, टब परत आत. 12 टबांचं रोजचं काम अर्ध्या तासाच्या आत उरकायचं. बॉल पायथनसारखा बिळांत राहणारा साप अशा अंधाऱ्या, बुटक्या खणात लवकर रुळतो. माझी एक मादी काचेच्या पेटीत 4 महिने खात नव्हती. खणात आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिनं उंदीर घेतला. एका सापावरून नियम काढू नये. बॉल पायथन महिनोन्‌महिने उपास करतात आणि आपणहून सोडतातही, तेव्हा खणाचं श्रेय किती, हे सांगणं कठीणच. शिवाय ओलावा छान टिकतो, कात एकसंध निघते. हवा जाते ती फक्त तुम्ही पाडलेल्या भोकांतून आणि टबच्या वरच्या फटीतून.

माझं सगळं त्या फटीवरच अडलं.

टबची कड आणि वरची फळी यांच्यात काहीतरी अंतर ठेवावंच लागतं, नाहीतर टब सरकणार नाही. मी 2 मिमी धरलं होतं. मोजमाप दोनदा केलं, फळ्या यंत्रावर कापून घेतल्या, कोपरे काटकोनात आहेत याची खात्री केली. पहिल्या दिवशी सगळे टब रेशमासारखे सरकत होते. पण हे 2 मिमी टिकत नाहीत. एकाच साच्यातले, एकाच दिवशी आणलेले टबसुद्धा तंतोतंत सारखे नसतात. सपाट फरशीवर ओळीनं ठेवून पाहा, कडांच्या उंचीत मिलिमीटरभर फरक सहज निघतो. टबच्या लांब बाजू भुसा आणि पाण्याच्या वाटीच्या भारानं, शिवाय रोजच्या उबेनं बाहेर फुगतात, आणि बाजू फुगली की कड मध्यावर किंचित खाली बसते.

सगळ्यात मोठी मेख फळ्यांची. माझ्या फळ्या 18 मिमी पार्टिकल बोर्डाच्या होत्या, वरून लॅमिनेट, रुंदी 120 सेंमी, एका फळीवर 3 टब. एवढ्या लांबीची फळी आधाराशिवाय वाकते. सगळ्या सारख्या वाकल्या असत्या तर बिघडलं नसतं, कारण टब जेवढा खाली गेला असता तेवढीच त्याच्या डोक्यावरची फळीही खाली आली असती. पण सगळ्यात वरच्या फळीवर काहीच ठेवलेलं नसतं. ती तेवढी वाकत नाही. त्यामुळे सगळ्यात वरच्या ओळीतल्या मधल्या टबवरची फट हळूहळू उघडत जाते, आणि ती डोळ्याला दिसत नाही कारण डोळा समोरून बघतो, फट उघडते आत, मध्यावर.

आणि वरच्या ओळीत मी काय ठेवलं होतं? कॉर्न स्नेकची पिल्लं. डोळ्यासमोर राहावीत म्हणून.

एका सकाळी मधला टब ओढला तर आत कागद सपाट, आडोशाखाली काही नाही. वाटीतलं पाणी हललंही नव्हतं. मी कागद उचलला, आडोसा उलटा केला, परत कागद उचलला. पेन्सिलीहून बारीक पिल्लू, अंड्यातून येऊन 2 महिने झालेलं. सापाचं डोकं जिथून जातं तिथून बाकीचं अंग जातंच, आणि कॉर्न स्नेकचं डोकं या वयात किती चपटं असतं ते पाळणाऱ्यांना माहीत आहे. मग फट मोजायला मी पत्त्यांच्या कॅटातली पानं काढली. 7 पानं एकावर एक धरली की साधारण 2 मिमी होतात. कडेला 7 पानं घट्ट बसत होती. हात आत घालून मध्यावर लावली तर 15 पानं आत गेली आणि तरी हलत होती.

पिल्लू 9 दिवसांनी सापडलं. टेपच्या वायरी उतरवायला मागच्या बाजूला जी उभी खाच ठेवली होती, तिच्या तळाशी ते वेटोळं करून बसलं होतं. त्याला काही झालं नव्हतं, त्याच रात्री खाल्लंसुद्धा. ते 9 दिवस मात्र मी घरात प्रत्येक पाऊल बघून टाकत होतो. माझ्याकडे तेव्हा एक कॅलिफोर्निया किंगस्नेकही होता, त्याच रॅकमध्ये, दोन ओळी खाली. किंगस्नेक दुसरे साप खातात. बाहेर पडण्याची वाट जशी आहे तशी दुसऱ्या टबात शिरण्याचीही आहे, ही गोष्ट मला तोवर सुचली नव्हती. ती मनातून अजून गेलेली नाही.

यावर उपाय आहेत आणि ते मी केलेही. दर दोन टबांमध्ये उभी फळी घातली की वाक जवळपास थांबतो. मागे पूर्ण पाठ ठोकली, ती प्रत्येक फळीला स्क्रूनं धरली की आणखी फरक पडतो. मोठा साप टबला आतून रेटा देऊन अख्खा खण पुढे सरकवू शकतो, म्हणून समोर अडसर लागतोच. हे सगळं करून माझा रॅक सुधारला. माझी झोप सुधारली नाही. रोज रात्री दिवा घालवण्याआधी पानं घेऊन एकेक टब तपासायचा, हे माझ्या अंगवळणी पडलं, आणि एक दिवस लक्षात आलं की मी सापांकडे कमी आणि फटींकडे जास्त बघतोय.

तेव्हा झाकणाच्या टबांकडे वळलो. त्यांचाही त्रास आहे, तो आधीच ऐकून ठेवा. एका टबला निदान 4 खटके. 12 टबांचे 48, उघडायला आणि लावायला. टब आधी मांडणीतून बाहेर काढायचा, टेकवायचा, खटके सोडायचे, मग झाकण. अर्ध्या तासाचं काम तासावर जातं. खटके उघडताना जो आवाज होतो त्यानं बुजरा साप दचकतो. मी अंगठा वर दाबून खटका हळू सोडायला शिकलो, मग बरंच शांतपणे होतं. खटके वर्ष-दोन वर्षांत बिजागरीपाशी पांढरे पडतात आणि एक दिवस तुटतात. म्हणून 2-3 झाकणं जास्तीची घेऊन ठेवावीत. टब निवडताना एकच गोष्ट बघा: खटके लांब बाजूंवर आहेत का. फक्त आखूड बाजूंवर खटके असलेल्या टबचं झाकण लांब बाजूच्या मध्यावर बोटानं उचलता येतं, आणि जे बोटाला जमतं ते सापाच्या नाकाला रात्रभरात जमतं. तसे टब घेतलेच असतील तर मधोमध पट्टा आवळा.

पण एकदा चारही खटके लागले की तो टब स्वतःपुरता पूर्ण असतो. फळी वाकली, मांडणी डगमगली, खोलीत गारठा पडला, त्याला काही फरक पडत नाही. टबची सुरक्षा टबपाशीच आहे. माझ्या दृष्टीनं सगळा हिशोब इथे मिटतो.

उबेच्या बाबतीत खण सरस आहेत, हे मानायला हवं. बंद रॅक ऊब धरून ठेवतो. उघड्या मांडणीत ती सगळीकडून निघून जाते आणि खोली 22 अंशांच्या खाली जाऊ लागली की टेपची दमछाक होते. मांडणी लोखंडी असेल तर लोखंडच ऊब खेचून घेतं, म्हणून टेपच्या खाली पातळ उष्णतारोधक थर हवा. मी मांडणीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना फोमचे पत्रे लावले, पुढची बाजू मोकळी ठेवली. बॉल पायथनच्या टबात उबदार बाजूला 31-32 अंश आणि गार बाजूला 26 च्या आसपास, कॉर्न स्नेकला उबदार बाजूला 28-29, एवढं त्यावर भागतं. बंद रॅकला मात्र एक गोष्ट जपावी लागते: ऊब वर चढते, म्हणून वरची ओळ खालच्यापेक्षा गरम राहते. एकाच थर्मोस्टॅटवर सगळ्या ओळी चालवत असाल तर वर आणि खाली वेगवेगळा थर्मामीटर ठेवून आठवडाभर बघा, मगच साप आत सोडा.

थर्मोस्टॅटचा सेन्सर दोन्ही प्रकारांत टबच्या बाहेरच हवा, टेप आणि टबचा तळ यांच्यामध्ये, चिकटपट्टीनं पक्का. टबच्या आत ठेवलेला सेन्सर साप हलवतो, त्यावर पाणी सांडतो, किंवा सफाईत टबाबरोबर बाहेर येतो. मग तो खोलीची गार हवा मोजतो आणि थर्मोस्टॅट बाकीच्या टबांखालची टेप तापवत सुटतो.

माइटच्या बाबतीत उघडी मांडणी बरी पडली. हे किडे सापाच्या अंगावरून उतरून फटींत, स्क्रूच्या भोकांत, सांध्यांत अंडी घालतात, आणि खणांच्या रॅकमध्ये अशा जागांना तोटा नाही. मला एकदा त्यांचा त्रास झाला तेव्हा रॅकचा एकेक सांधा सोडवून पुसावा लागला. मांडणी पुसायला दुपार पुरते. नवा साप आणला की 90 दिवस तो कुठल्याच रॅकच्या खोलीत येऊ देत नाही, ते तेव्हापासून.

आणखी एक गोष्ट, जी सुरुवातीला कुणी बोलत नाही. खणांचा रॅक एका विशिष्ट टबच्या मापाला बांधलेला असतो. तो टब बाजारातून गेला, किंवा साचा जरासा बदलला, की तुमचा रॅक निराधार होतो. म्हणून हा प्रकार करणारच असाल तर आधी सगळे टब घ्या, वर 3-4 जास्तीचे घ्या, त्यांतला सगळ्यात उंच टब शोधून त्यावर फळ्यांचं माप काढा. सरासरी टबवर नाही. सगळ्यात बुटक्या टबवर किती फट राहते ते मग कळेल, आणि कदाचित तिथेच तुमचा निर्णय होईल. मांडणीवर आज हा टब, उद्या तो. पिल्लू मोठं झालं की मोठा टब, मांडणी तीच. टबची लांबी अधिक रुंदी निदान सापाएवढी भरावी, हे मी पाळतो. जास्त असेल तर उत्तमच.

हवेच्या भोकांसाठी सोल्डरिंग आयर्न घ्या आणि भोक आतून बाहेर पाडा, म्हणजे वितळलेली खरखरीत कड बाहेर राहते आणि सापाचं नाक घासत नाही. पिल्लांच्या टबला 3 मिमीपेक्षा मोठं भोक नको. हे काम मोकळ्या हवेत करा, तो धूर छातीत जाऊ देऊ नका.

मग खण कुणी करावेत? ज्यांच्याकडे फक्त वाढलेले बॉल पायथन आहेत, 15-20 आहेत, आणि ज्यांना सुतारकामात मिलिमीटरचा हात आहे, त्यांना खण खूप सोयीचे पडतील. माझ्याकडेही एक जुना उभा गाळा अजून आहे, त्यात 3 मोठ्या माद्या आहेत, फट पुरी मोजलेली आहे आणि त्यांची डोकी त्यातून जाण्यासारखी नाहीत. कॉर्न स्नेक, मिल्क स्नेक, किंगस्नेक आणि कुठल्याही जातीचं पिल्लू असेल तर मी तरी खटक्यांशिवाय ठेवणार नाही.

आणि फळ्या आधीच कापून ठेवल्या असतील तर निदान एवढं करा. रॅक उभा केल्यावर सगळ्या टबांत भुसा आणि भरलेली वाटी ठेवा, टेप चालू करा, आणि साप न घालता महिनाभर तसाच राहू द्या. मग कॅटातली पानं घ्या आणि प्रत्येक टबच्या मध्यावर, हात पूर्ण आत घालून, फट मोजा. वरच्या ओळीपासून सुरुवात करा.