चौकातच मिटवावं की क्लेम करावा?

नागपुरात अंबाझरी रोडवर सायकलला कारचा धक्का लागला, रिम वाकली, कोपर खरचटलं. गर्दी लगेच म्हणते, "जाऊ दे ना भाऊ, पैसे घे अन् मिटव." फक्त सायकलचंच नुकसान असेल तर मलाही ते पटतं. हजार-दोन हजारांसाठी ट्रिब्युनलच्या, म्हणजे अपघात भरपाईच्या न्यायाधिकरणाच्या, तारखा कोण करत बसणार? दुरुस्तीचा अंदाज दुकानदाराकडून घ्यायचा, पैसे यूपीआयने घ्यायचे, म्हणजे नोंद राहते.

अंगाला लागलं असेल तर मात्र हिशेब बदलतो. मनगटातली बारीक चीर कधी कधी दुसऱ्या दिवशी सुजल्यावरच कळते, आणि "पूर्ण समझोता" असं लिहून सही दिली असेल तर पुढचा खर्च आपल्याच गळ्यात. म्हणून आधी मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलात दाखवायचं, अपघातात लागलं हे केसपेपरवर लिहून घ्यायचं, गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो ठेवायचा आणि पोलिसांत नोंद करायची. प्रत्येक कारला थर्ड पार्टी विमा (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा) सक्तीचा आहे, त्यामुळे भरपाई सहसा विमा कंपनीच देते. कारवाला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणून गयावया करतो, पण तो बोनस त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा. आपल्या क्लेमने तो जात नाही.

क्लेमला वेळ लागतो, चूक कोणाची हेही सहसा दाखवावं लागतं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने ट्रिब्युनलकडच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. क्लेम करायचा की नाही ते त्या मुदतीत नंतर ठरवता येतं, पण केसपेपर आणि पोलीस नोंद त्याच दिवशीची हवी.