'ॲन एक्झाल्टेशन ऑफ लार्क्स': करमणूक पक्की, संदर्भ कच्चा

इंग्रजीतल्या प्राण्यांच्या समूहनामांचा (कळप, थवा अशा शब्दांचा) विषय निघाला की अमेरिकन लेखक जेम्स लिप्टन यांचं हे पुस्तक हमखास पुढे येतं. मूळ आवृत्ती 1968 ची. घ्यायचीच तर 1991 ची वाढीव आवृत्ती घ्या, तिच्यात हजाराहून जास्त नामं आहेत. मात्र त्यातली बरीच माणसांची आणि धंद्यांची, काही तर खुद्द लिप्टन यांनी रचलेली. निव्वळ प्राण्यांसाठी पैसे मोजणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

सगळा डोलारा उभा आहे तो 1486 च्या 'बुक ऑफ सेंट अल्बन्स'वर. ससाणे, शिकार आणि कुलचिन्हं यांवरच्या त्या ग्रंथातल्या यादीत 'प्राइड ऑफ लायन्स', 'गॅगल ऑफ गीझ' आहेत आणि त्यांच्याच पंगतीला वकील व ननसुद्धा. थट्टा पहिल्यापासूनच होती तर! ही नामं कशावरून पडली याचे लिप्टन यांनी पाडलेले सहा गट मात्र झकास. आवाजावरून 'मर्मरेशन (कुजबुज) ऑफ स्टार्लिंग्ज', म्हणजे साळुंकीच्या कुळातले पक्षी; स्वभावावरून 'लीप (झेप) ऑफ लेपर्ड्स', दिसण्यावरून 'नॉट (गाठ) ऑफ टोड्स'. घोकंपट्टी टळते.

सहावा गट चुकीतून जन्मलेल्या नामांचा, आणि नेमकं तिथेच पुस्तक घसरतं. 'स्कूल ऑफ फिश' हा 'शोल'चा अपभ्रंश, असं लिप्टन सांगतात. प्रत्यक्षात दोन्ही शब्द झुंड या अर्थाच्या एकाच जुन्या डच शब्दाकडे जातात. शिवाय 1486 च्या यादीतल्या कित्येक नोंदी समूहवाचक नव्हत्याच, हे या याद्यांचे अभ्यासक जॉन हॉजकिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं.

लिहिताना बहुतेक ठिकाणी फ्लॉक, हर्ड, शोल, पॅक एवढ्यावर भागतं. 'मर्मरेशन' पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यात खरोखर रुळलाय, पण रात्रीच्या मुक्कामाला उतरण्याआधी आकाशात वळणं घेणाऱ्या थव्यासाठी. जमिनीवर किडे टिपणाऱ्या स्टार्लिंगना तो लावला तर विचित्र वाटतो. 'गॅगल' जमिनीवरच्या गीझचा, उडत्या रांगेला 'स्केन'. 'पार्लमेंट ऑफ आउल्स' कितीही पुरातन भासला तरी 1486 च्या यादीत सापडत नाही.

प्रश्नमंजुषा रचणाऱ्यांनी प्रत्येक नामाची पहिली नोंद ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशात पाहावी. नाम जुनं की लिप्टन यांच्या डोक्यातलं, हे कळेपर्यंत उत्तराला गुण देऊ नयेत.