ऑरेंज क्रश २०: तीन नॉब समजून घ्या, मग घ्या

बेळगावात घरी सराव करायला आणि चार जणांच्या बैठकीत वाजवायला लहान गिटार अॅम्प हवा असेल, तर ऑरेंज क्रश २० चांगली निवड आहे. २० वॅट, ८ इंची स्पीकर, क्लीन (स्वच्छ आवाजाचा) आणि डर्टी (फाटलेल्या, खरखरीत आवाजाचा) असे दोन चॅनेल, बास-मिडल-ट्रेबल, हेडफोनची सोय. रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखा घुमारा, यात नाही; तो हवा असेल तर २० आरटी बघा.

याची खरी ताकद मिडलमध्ये आहे, आणि बहुतेकजण नेमका तोच नॉब खाली पाडतात. बास आणि ट्रेबल वर, मिडल शून्यावर, असा आवाज खोलीत एकट्याने वाजवताना भारदस्त वाटतो. पण कीबोर्ड, ढोलकी आणि बास गिटार सुरू झाले की खालची पट्टी ते व्यापतात, झांजा वरची, आणि गिटार ऐकूच येत नाही. आवाज वाढवून फरक पडत नाही, मिडल घड्याळातल्या दोनच्या जागेपर्यंत नेला की पडतो (नॉबच्या खुणा पुढेही घड्याळाच्या काट्याप्रमाणेच; बारा म्हणजे मधोमध).

लावायची पद्धत अशी: गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे, क्लीन चॅनेल, तिन्ही नॉब बारावर. आधी बास पूर्ण खाली घ्या आणि जाड तारेला वजन येईपर्यंतच वर आणा. ८ इंची स्पीकरकडून यापेक्षा जास्त मागितलं तर तो नुसता घुमतो. मग मिडल, ट्रेबल सगळ्यात शेवटी. गिटारला सिंगल कॉइलचा (एका वेटोळ्याचा, धारदार आवाजाचा) ब्रिज पिकअप असेल, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा ब्रिजजवळचा भाग, तर ट्रेबल दहाच्या आसपास पुरतो, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या, जाड आवाजाच्या पिकअपला) एकपर्यंत लागतो. डर्टी चॅनेलवर गेन, म्हणजे आवाज किती फाटतो ते ठरवणारा नॉब, नऊ-दहावर ठेवून सुरुवात करा. तो फार वाढवला की हळू आणि जोरात छेडलेल्या तारेतला फरक पुसला जातो, कॉर्डचा लगदा होतो.

ट्रेबल ठरवताना कान स्पीकरच्या समोर हवा. वरचे सूर सरळ रेषेत जातात. अॅम्प जमिनीवर आणि तुम्ही उभे असाल तर ते गुडघ्याला लागतात, म्हणून हात ट्रेबल वाढवत राहतो आणि समोर बसलेल्यांचे कान किटतात. अॅम्प खुर्चीवर ठेवा. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीवर, त्यातही कोपऱ्यात ठेवला, तर बास आपोआप फुगतो. भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला की नॉबला हात न लावता आवाज मोकळा होतो.

मोठी उणीव एकच: दोन्ही चॅनेलना टोनचे तेच तीन नॉब आहेत. डर्टीला जुळवलेला ट्रेबल क्लीनवर बोचतो. कार्यक्रमात दोन्ही लागणार असतील तर क्लीनवर टोन लावा आणि डर्टीची धार गिटारच्या टोन नॉबने कमी करा. पायाने चॅनेल बदलायचा फूटस्विच वेगळा घ्यावा लागतो. उघड्या मंडपात ड्रमसेटसमोर हा पुरणार नाही, तिथे स्पीकरपुढे माइक लावाच.

खानापूर-बेळगावच्या पावसाळी दमट हवेत काही काळाने नॉब फिरवताना खरखर येऊ शकते. आतल्या पट्टीवर धूळ आणि गंज धरतो, म्हणून ती येते. प्लग काढा, इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर नॉबच्या दांड्यालगत थोडासा मारा, या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा, आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. सतत घरघर येत असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन काढून अॅम्प कधीही चालवू नका. दोष असला तर करंट तारांमधून थेट हातात येतो.

जुना घेत असाल तर गिटार न जोडता व्हॉल्यूम मध्यावर ठेवा आणि प्रत्येक नॉब सावकाश फिरवून ऐका. नंतर केबल लावून जॅक हलवा. आवाज तुटला तर जॅकचं काम आहे, तेवढे पैसे कमी करून मागा.