युबिक्विटिन-जी७६व्ही-जीएफपी रिपोर्टर प्लाझ्मिड: वर्षभर वापरल्यावर

जिवंत सेलमध्ये प्रोटिअसोम (नको असलेली प्रोटीन्स तोडणारं सेलमधलं यंत्र) नीट काम करतंय का हे बघायचंय आणि दर खेपेला वेस्टर्न ब्लॉट (सेल फोडून एखादं प्रोटीन पट्टीच्या रूपात बघायची पद्धत) करून जीव मेटाकुटीला आलाय, अशांसाठी मुद्दाम लिहितेय. मी हा प्लाझ्मिड (सेलमध्ये घालायचा डीएनएचा गोल तुकडा) आधी हेला या माणसाच्या सेल्समध्ये नुसता ट्रान्सफेक्ट करून, म्हणजे तात्पुरता आत घालून वापरला, मग तो कायमचा असलेली स्टेबल लाइन बनवली, आणि आता वर्ष झालं. ५ पैकी ४ देईन.

साधा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) या कामाला का चालत नाही ते आधी सांगते. तो भयंकर चिवट आहे, आपल्यासारख्या प्राण्यांच्या सेलमध्ये त्याचं हाफ-लाइफ (निम्मं तुटायला लागणारा वेळ) साधारण २६ तास धरतात, म्हणजे तो तुटायची वाट बघत बसलं तर प्रयोग कधी संपणारच नाही. म्हणून २००० साली निको डांटुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएफपीच्या पुढे एक युबिक्विटिन (‘हे तोडा’ अशी खूण म्हणून लागणारं छोटं प्रोटीन) कायमचं जोडून टाकलं. एरवी सेलमधली एन्झाइम्स ७६ व्या जागेवरच्या ग्लायसीन या अमिनो ॲसिडपाशी युबिक्विटिन कापून वेगळं करतात, इथे त्या जागी व्हॅलिन आहे त्यामुळे ते कापलं जात नाही, सेल त्यावर आणखी युबिक्विटिनची साखळी चढवतो आणि प्रोटिअसोम अख्खं गिळून टाकतो. म्हणजे सगळं ठीक असेल तर सेल काळा दिसतो, आणि प्रोटिअसोम अडकला की हिरवा व्हायला लागतो. एमजी१३२ हा प्रोटिअसोम अडवणारा इन्हिबिटर घालून पाचेक तासांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा जवळपास अंधाऱ्या प्लेटमध्ये एकेक सेल उजळत गेलेला दिसला, आणि तो दिवस मी विसरणार नाही, कारण ब्लॉटवरची पट्टी बघून असं कधी वाटलंच नव्हतं.

आता एक स्टार का कापला ते. हिरवा रंग म्हणजे ‘तुटणं थांबलं’ असं माहितीपत्रकात सरळ लिहिलं होतं आणि मीही तेच धरून चालले. एक कंपाउंड टाकलं की प्लेट लखलखीत हिरवी, आम्हाला वाटलं इन्हिबिटर सापडला, तीन आठवडे त्यामागे गेले. मग त्याच ट्रान्सक्रिप्टवर (आरएनएवर) पी२ए (एकाच आरएनएवरून दोन सुटी प्रोटीन्स बनवणारा तुकडा) लावून पुढे एमचेरी हे लाल चमकणारं प्रोटीन जोडलेला कन्स्ट्रक्ट बनवला, तर लालही तितकाच वाढलेला! ते कंपाउंड प्रोटिअसोमला हातसुद्धा लावत नव्हतं, प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) जास्त चालवत होतं, रिपोर्टर जास्त बनत होता म्हणून जास्त दिसत होता. आपल्याला दिसतो तो शिल्लक साठा, बनलं वजा तुटलं. त्यामुळे लाल जोडीदाराशिवाय हा प्लाझ्मिड घेऊच नका, हिरवा भागिले लाल हाच आकडा बघा, आणि तो दर सेलचा फ्लो सायटोमीटरवर (एकेका सेलची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) काढा, कारण ट्रान्सफेक्शन प्रत्येक सेलमध्ये वेगळं होतं आणि प्लेटमधल्या अख्ख्या वेलच्या (खळग्याच्या) सरासरीत ते लपून जातं.

वेगच मोजायचा असेल तर सायक्लोहेक्सिमाइडने नवीन प्रोटीन बनणं बंद करून हिरवा किती लवकर उतरतो ते बघा. पण सायक्लोहेक्सिमाइड आणि इन्हिबिटर एकदमच टाकून सेल उजळेल अशी अपेक्षा धरू नका, नवीन बनतच नाही तर साठणार कुठून, आमच्याकडे एकाने हे केलं आणि इन्हिबिटर खराब आहे म्हणून नवीन मागवला. एमजी१३२ कॅल्पेन आणि कॅथेप्सिन या प्रोटीन तोडणाऱ्या दुसऱ्या एन्झाइम्सनाही अडवतं, म्हणून शेवटची खात्री बोर्टेझोमिब किंवा एपॉक्सोमिसिन या जास्त नेमक्या प्रोटिअसोम इन्हिबिटरने करते. फिनॉल रेड हा रंग असलेल्या मीडियात (सेल वाढवायच्या द्रवात) बॅकग्राउंड इतकं वाढतं की मंद हिरवा त्यात बुडतो, इमेजिंगच्या आधी मीडिया बदला. सेल फिक्स करायचे (मारून आहेत तसे टिकवायचे) तर पॅराफॉर्मल्डिहाइड, मिथेनॉलने जीएफपीची चमक जाते.

बाकीच्यांशी तुलना करायची तर पेस्ट (PEST, प्रोटीन लवकर तुटायला लावणारा तुकडा) शेपटीवाला जीएफपी पण वापरलाय, त्याचं हाफ-लाइफ २ तासांच्या आसपास, प्रमोटर कधी चालू-बंद होतो हे बघायला उत्तम. पण त्याची शेपटी ऑर्निथिन डिकार्बोक्झिलेझ या एन्झाइमची, आणि ते मूळ प्रोटीन युबिक्विटिनशिवायच प्रोटिअसोममध्ये जातं, त्यामुळे युबिक्विटिनच्या टप्प्यावर बिघाड असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. सेल फोडून एएमसी सबस्ट्रेटने (कापला की चमकणाऱ्या छोट्या तुकड्याने) करतात ती टेस्ट स्वस्त आणि झटपट, मात्र ती फक्त प्रोटिअसोमची कात्री चालते का एवढंच सांगते.

आणि लायसोसोममध्ये (सेलमधल्या ॲसिडच्या पिशवीत) काय तुटतंय हे यातून कळत नाही, त्यासाठी एमचेरी-जीएफपी-एलसी३ चा टॅन्डम (तिकडे जाणाऱ्या एलसी३ प्रोटीनला लाल आणि हिरवं दोन्ही जोडलेला रिपोर्टर) घ्या, तिथल्या ॲसिडमध्ये जीएफपी विझतो आणि एमचेरी टिकतो, म्हणून पिवळे ठिपके लाल होताना दिसतात. आमच्या एका प्रोजेक्टला खरं तर तोच हवा होता आणि मी चार महिने या प्लाझ्मिडवर घालवले, तेव्हा ऑर्डर करण्याआधी आपलं प्रोटीन प्रोटिअसोमकडे जातं की लायसोसोमकडे हे एकदा बोर्टेझोमिब आणि बॅफिलोमायसिन (लायसोसोम अडवणारं) वेगवेगळं टाकून साध्या ब्लॉटवर तपासून घ्या.