हैदराबादहून निघालेला हॅमस्टर कामठीत कसा पोचला?

आकडा आधीच सांगून टाकतो, ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या. 14,448 रुपये. हॅमस्टर, म्हणजे घरात पाळायच्या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या एका जोडीपायी. ती जोडी आजपर्यंत आमच्या घरी आलेली नाही.

मी नागपूरच्या इतवारीत एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. बावीस वर्षं झाली. दिवसाला चाळीस-पन्नास यूपीआयच्या एंट्र्या माझ्या डोळ्यांखालून जातात. दुकानातल्या पोरांना मीच सांगत असतो, "पैसे घ्यायला पिन लागत नाही रे बाबा." तरीही मी पिन टाकला. हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले.

पोरगी सहावीत गेली. सुट्ट्या लागल्या तशी हॅमस्टरची भुणभुण सुरू झाली. घरात त्यावर एकमत नव्हतंच. आमचे बाबा म्हणाले, "उंदीरच पायजे तं घरातले काय कमी हायेत? त्यायले पैसे बी नाई लागत." तेव्हा मी बाबांवर चिडलो होतो. आता ते काही बोलत नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणं जास्त लागतं.

"दुकानातून का नाही घेतला?" असं मला आजवर निदान दहा जणांनी विचारलं आहे. गेलो होतो हो दुकानात. एका ठिकाणी टिनाच्या शेडखाली, भर मे महिन्यात, एकाच जाळीत नऊ-दहा पिल्लं कोंबलेली. त्यातल्या दोघांचा मागचा भाग ओला आणि चिकट. त्याला वेट टेल म्हणतात. वाईट जुलाब असतात ते, आणि लहान पिल्लू त्यात एक-दोन दिवसांतही जातं. पोरीनं ते आधी वाचून ठेवलं होतं. ती म्हणाली, "बाबा, इथून नको." दुकानदाराला नोंदणीचं विचारलं तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याला जातीचा दाखला मागितला. पेट शॉपला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, 2018 पासून नियम आहे. विचारून बघा तुमच्या जवळच्या दुकानात आणि मला कळवा काय उत्तर मिळतं ते.

तर अशा रीतीनं, चांगला प्राणी मिळावा म्हणून, मी ऑनलाइन गेलो. लोभानं नाही. हे मला ठासून सांगायचं आहे. दुकानात 400 ला एक होता, इथे जोडी 1,200 ला. उलट महागच.

माणूस हैदराबादचा. हिंदीत बोलायचा, अतिशय गोड. आणि खरं सांगतो, त्यानं पहिले दोन दिवस पैशाचा विषय जवळजवळ काढलाच नाही. गुरुवारी 500 रुपये बुकिंग, शुक्रवारी उरलेले 700, बस. बाकी सगळा वेळ तो मला हॅमस्टर घरी कसा रुळवायचा ते शिकवत होता. पिंजरा आधी लावून ठेवा, प्राणी आल्यावर मांडामांड करू नका. खाली कागदाचं बेडिंग वीतभर जाड, त्याला बोगदे करायला आवडतात. चाक सळ्यांचं घेऊ नका, पाय अडकतो, सपाट पत्र्यासारखं घ्या. लपायला छोटं घर. पहिले दोन-तीन दिवस हात लावायचा नाही, फक्त दाणापाणी बदलायचं आणि हळू आवाजात बोलायचं. त्याच्या जुन्या बेडिंगची मूठभर मी सोबत पाठवीन, ती नव्या पिंजऱ्यात टाका, स्वतःचा वास आला की तो घाबरत नाही. दिवसा झोपेल, उठवू नका. आणि वर हसून म्हणाला, "सर, आप नागपूर से हैं, लेकिन उसको संतरा मत खिलाना."

हे सगळं बरोबर आहे! मी नंतर एका पशुवैद्याला विचारलं, शब्दन् शब्द बरोबर. संत्रं खरंच देत नाहीत त्यांना. चोरानं मला एकही चुकीचा सल्ला दिला नाही, म्हणूनच मी फसलो. आपण समजतो की फसवणारा अडाणी असेल, मेसेजमध्ये चुका असतील. हा तर त्या विषयातला मास्तर निघाला.

एक गोष्ट मात्र तो चुकला होता आणि ती पोरीनं पकडली होती. तो म्हणाला होता सिरियन जातीची जोडी. पोरगी म्हणाली, "बाबा, सिरियन एकटेच राहतात. मोठे झाले की एकमेकांना मारतात." मी त्याला विचारलं. "सर, ये भाई-बहन हैं, बचपन से साथ हैं." भाऊ-बहीण! सिरियन हॅमस्टर दीड-दोन महिन्यांत पिल्लं द्यायच्या वयाचा होतो आणि सोळाव्या दिवशी पिल्लं होतात, तिथे हा राखी पौर्णिमा सांगतोय. आणि मी पोरीलाच गप्प केलं. म्हणालो, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्याच संध्याकाळी आम्ही पिंजरा आणला. 1,350 चा पिंजरा, 450 चं चाक, 300 चं बेडिंग. हे 2,100 वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. मागच्या खोलीत, कूलरची थेट हवा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला. बाथरूमच्या कामातून उरलेली एक टाइल पोरीनं धुऊन आत ठेवली, म्हणजे त्याला पोट टेकून थंड बसता येईल. नागपूरचा मे महिना आहे राजेहो, पारा 45 च्या घरात, आणि या जिवाला तिशीच्या वर गेलं की त्रास होतो.

नेमकी हीच नस त्यानं धरली. शनिवारी सकाळी फोन. साध्या गाडीत पाठवला तर नागपूरच्या गर्मीत रस्त्यातच मरेल, एसी बॉक्सचे 1,850 लागतील. आता सांगा, पोरगी बाजूला उभी असताना तुम्ही काय म्हटलं असतं? "मरू द्या"? भरले. रात्री पुन्हा फोन. चेकपोस्टवर लसीचा दाखला मागताहेत, 2,400. कसली लस, तर रेबीजची. हॅमस्टरला कुठलीच नेहमीची लस नसते, ना रेबीजची ना दुसरी कुठली. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी म्हटलं, कुत्र्यांना असते तर यांनाही असेल. लक्षात ठेवा, घासाघीस करताना जो माणूस कधीच "नाही" म्हणत नाही आणि गाडी निघाल्यावर रोज नवा खर्च सांगतो, त्याच्याकडे गाडीच नसते.

रविवारी अकरा वाजता 3,999. हा विमा, "रिफंडेबल", प्राणी हातात पडला की ड्रायव्हर परत करणार. या वेळी मी एक मिनिट थांबलो होतो, खरंच थांबलो होतो. पण तोवर 5,450 गेलेले. हिशेबाच्या माणसाला बुडालेलं खातं बंद करता येत नाही, तो त्यात आणखी घालत राहतो.

आणि मग दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. हा क्षण मी रोज रात्री पुन्हा जगतो.

ड्रायव्हरचा फोन आला. मागे हॉर्नचे आवाज. "सर, मैं कामठी पहुंच गया, आधे घंटे में आपके घर."

कामठी.

हैदराबादहून येणारी गाडी! ती वर्धा रोडनं येणार, बुटीबोरीवरून, खापरी, मग विमानतळ. कामठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जबलपूरच्या वाटेवर. म्हणजे तो अख्खं नागपूर ओलांडून पलीकडे गेला आणि आता मला भेटायला उलटा येतोय? इतवारीतलं शेंबडं पोरगंही सांगेल की हे जमत नाही. आणि मी काय केलं माहीत आहे? मी मनातल्या मनात त्याच्यासाठी कारण शोधलं. म्हटलं, आधी तिकडचं एखादं पार्सल टाकायला गेला असेल बिचारा. त्याला खोटंही बोलावं लागलं नाही. त्याच्या वतीनं मीच बोललो.

पुढचं पटकन सांगतो. "विम्याचे पैसे आधी परत घ्या सर, नाही तर सिस्टीम डिलिव्हरी दाखवत नाही." व्हॉट्सअॅपवर क्यूआर आला. स्कॅन करा, पिन टाका, रिफंड येईल. पोरगी दारात पाण्याची बाटली घेऊन उभी, फोनवर तो ओरडतोय की बॉक्स तापतोय, लवकर करा. केलं. 4,999 गेले. तो म्हणाला, "उल्टा हो गया सर, एक बार और स्कॅन करो, दोनों साथ में आएंगे," आणि रक्कम 9,998. मी बोट उचललंही होतं. बायकोनं फोन हिसकावला. तिला यूपीआयतलं फार कळत नाही, तिनं फक्त माझा चेहरा पाहिला.

ताबडतोब 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करायला हवा होता. पैसे चोराच्या पहिल्या खात्यात असेपर्यंतच काही अडवता येतात, तासाभरात ते चार खात्यांत फिरतात. मी केला सोमवारी सकाळी साडेनऊला. मधले एकोणीस तास मी लाजत बसलो होतो. तुमच्याबरोबर असं झालं तर नंतर लाजा, आधी फोन करा. माझे किती अडकले? 312 रुपये. आणि तेही मिळवायचे तर कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. 312 रुपयांसाठी वकील!

आता बँक. तिथे रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक छापून घेऊन गेलो, बँकेच्या कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही असं त्यात आहे. मॅडमनी ते हातातही घेतलं नाही. "ते तुमच्या नकळत पैसे गेले तर. पिन कोणी टाकला?" मी. "मग?" त्या "मग"ला उत्तर नाही, मान्य. पण ज्या खात्यात पैसे गेले ते कुणीतरी उघडून दिलंच ना? तिथे आधार, पॅन, फोटो सगळं असेल ना? माझ्या म्हाताऱ्या वडिलांना केवायसीसाठी चार खेपा घालायला लावल्या होत्या याच लोकांनी, आणि चोराला खातं कसं मिळतं? हा प्रश्न विचारल्यावर मॅडम जेवायला गेल्या. पावणेबारा वाजता.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्तात आहेत". दुसऱ्या दिवशी जे भेटले ते हसले. "उंदरासाठी चौदा हजार?" बाजूच्याला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले पैसे हैदराबादला गेले, तिथे तक्रार द्या. मी म्हटलं, साहेब, नव्या कायद्यात गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तर म्हणाले, "लई वाचता तुम्ही." वाचत असतो तर तुमच्याकडे कशाला आलो असतो! फसवणुकीचं कलम 420 चं 318 झालं, 1 जुलै 2024 पासून सगळी कलमं बदलली, "उद्या या" हे कलम काही बदललं नाही.

तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला. घरी येऊन नीट वाचला तर त्यात लिहिलंय, "अर्जदाराने श्वान खरेदीपोटी". श्वान! मी तीनदा हॅमस्टर म्हणालो होतो, स्पेलिंगही सांगितलं होतं. दुरुस्तीला गेलो तर म्हणे त्यानं काय फरक पडतो. बरोबर आहे, ना कुत्रा सापडणार आहे ना हॅमस्टर. तरी पोच घ्या, शिक्का मारून घ्या, तारीख बघा. माझ्या पहिल्या प्रतीवर कालची तारीख पडली होती.

एका सरकारी कार्यालयातही गेलो, प्राण्यांचा विषय म्हणून. तिथले बाबू म्हणाले, गाय-म्हैस-शेळी असेल तर बोला.

आता कुणी विचारलं तर एवढंच सांगतो. जिवंत प्राणी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. व्हिडिओ म्हणजे बघणं नाही. व्हिडिओ मागायचाच तर त्याच्याच हातानं कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून पिंजऱ्याजवळ धरायला सांगा. मी सांगितलं नाही, कारण मला ते असभ्य वाटलं. आणि घरातलं लेकरू काही म्हणत असेल तर त्याला गप्प करू नका.

पिंजरा अजून मागच्या खोलीतच आहे. पोरीनं टाइल काढलेली नाही. बायको दोनदा म्हणाली, विकून टाका. मी हो म्हणतो.

परवा दुकानात रोकड मोजत होतो तर अनोळखी नंबरवरून फोन आला. वेगळा माणूस, तोच गोडवा. "सर, आपका पार्सल कामठी गोदाम में पड़ा है. 900 रिलीज चार्ज भर दीजिए, बेचारे दो दिन से भूखे हैं."

मी त्याला विचारलं, कोणत्या रस्त्यानं आलास रे बाबा? त्यानं फोन ठेवला.